आधी वाचक तयार करा, मग ब्लॉग उघडा

पत्र

मी आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४२ मुलं आहेत. "शिकवण्यात सोशल मीडिया आणा" असं मुख्याध्यापकांनी सांगितल्यावर सत्राच्या सुरुवातीला मी मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. पहिला आठवडा बरा गेला. मग रात्री अकरापर्यंत इमोजी आणि कुठूनतरी आलेले व्हिडिओ सुरू झाले. गेल्या आठवड्यात एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाची इतकी चेष्टा झाली की तो दोन दिवस वर्गात तोंड उघडत नव्हता. आता मुख्याध्यापक म्हणतात, वर्गाचं इन्स्टाग्राम खातं काढा. मला ब्लॉग बरा वाटतो, पण तो कुठे उघडायचा, मुलांना खाती कशी द्यायची, गुण कशाला द्यायचे हे कळत नाही. निम्म्या मुलांकडे स्वतःचा फोन नाही. शाळेत दहा संगणक आहेत. आणि या सगळ्याला आठवड्याचे दोन तास देऊ शकेन, जास्त नाही.

उत्तर

बाई, ब्लॉगचं नंतर बोलू. आधी तो मुलगा.

ग्रुपमधल्या चेष्टेच्या संदेशांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यात नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. ते मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवा आणि मगच ग्रुपच्या ॲडमिन म्हणून ते संदेश, अजून काढता येत असतील तर, सगळ्यांसाठी काढून टाका. हा क्रम उलटा झाला तर पुढे पालक विचारायला आले की दाखवायला काहीच उरत नाही. त्या मुलाशी एकट्याने बोला. ज्यांनी चेष्टा केली त्यांच्याशीही एकेकट्याने बोला. ग्रुपवर माफी मागायला लावू नका, कारण तोही एक तमाशाच होतो आणि त्याच्या मध्यभागी पुन्हा तोच मुलगा उभा असतो. त्याच्या घरी तुम्ही स्वतः कळवा, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. मग दोन-तीन दिवसांनी त्याने विचारलेला प्रश्न, त्याचं नाव न घेता, वर्गात फळ्यावर लिहा आणि त्याला पुरेसा वेळ देऊन नीट उत्तर द्या. प्रश्न विचारण्यासारखा होता हे त्या मुलाला कळणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

ग्रुप बिघडला यात मुलांचा दोष कमी आणि साधनाचा जास्त आहे. ग्रुपमध्ये मजकूर वाहून जातो. जो आधी टाकतो त्याचं दिसतं, जो विचार करून लिहितो तो चाळीस संदेश मागे पडलेला असतो. मसुदा, सुधारणा, थोडं थांबणं यांना तिथे जागाच नाही. म्हणून शिकण्याचं काम ग्रुपवरून काढून घ्या, पण ग्रुप बंद करू नका. सूचना देण्यासाठी तो उत्तम आहे. सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' हे सुरू करा, जुनी आमंत्रणाची लिंक रद्द करून नवी घ्या, आणि मुलांच्या जागी पालकांना घ्या. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, हे अनेक शिक्षकांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपच्या 'कम्युनिटी'तला घोषणांचा ग्रुप वापरला तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. सूचना पाठवायची एक वेळ ठरवा, उदाहरणार्थ संध्याकाळी सहा, आणि ती स्वतः मोडू नका.

इन्स्टाग्रामबद्दल मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा: वर्गाचं खातं चालेल, पण ते फक्त तुम्ही चालवाल, त्यावर मुलांचे चेहरे नसतील आणि मुलांना स्वतःचं खातं काढायला सांगितलं जाणार नाही. बहुतेक समाजमाध्यमांची स्वतःची किमान वयाची अट १३ वर्षांची आहे, आणि तुमच्या वर्गात त्या रेषेच्या दोन्ही बाजूंची मुलं असू शकतात. देशोदेशीचे कायदेही वेगवेगळे आहेत. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात मुलांची माहिती गोळा करण्याआधी पालकांच्या संमतीची मर्यादा १३ वर्षांखालील आहे. युरोपीय संघात ती मुळात १६ आहे, पण सदस्य देशांना १३ पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना ठरावीक माध्यमांवर खातंच ठेवता येत नाही. शिक्षकाने गृहपाठासाठी खातं काढायला लावलं, तर या सगळ्याची जबाबदारी शाळेवरही येऊ शकते.

शिकवण्याच्या अंगानेही ते माध्यम अपुरं आहे. कोणाला काय आणि कोणत्या क्रमाने दिसेल हे तिथे माध्यम ठरवतं, स्टोरी २४ तासांत जाते, फोटोखालच्या मजकुरात दिलेली लिंक दाबून उघडत नाही, आणि चार महिन्यांपूर्वीचं निरीक्षण शोधायचं तर बोट दुखेपर्यंत खाली सरकवावं लागतं. वहीचं काम त्याच्याकडून होणार नाही.

पण समाजमाध्यमाचं रूप वापरायला खातं लागत नाही. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) साध्या नोंदीला २८० अक्षरांची मर्यादा आहे, २०१७ पर्यंत ती १४० होती. धडा संपला की मुलांना २८० चौकटींचा कागद द्या आणि त्यात धड्याचं सार बसवायला सांगा. मराठीत मोजताना काना, वेलांटी, मात्रा, जोडाक्षरातलं न दिसणारं हलन्त चिन्ह, सगळं वेगळं मोजलं जातं. 'शिक्षक' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, मोजणीत सहाचा: श, वेलांटी, क, हलन्त, ष, क. म्हणजे साधारण ४० ते ४५ शब्दच मावतात. एवढ्यात 'बाष्पीभवन आणि उकळणं यांत फरक काय' हे बसवायचं तर काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि धडा समजला आहे की नाही ते नेमकं तिथेच दिसतं. फोन नसलेल्या मुलाला यात काहीच कमी पडत नाही.

आता ब्लॉग. तुमची निवड योग्य आहे. मात्र वर्गाचे ब्लॉग बहुतेक वेळा एकाच पद्धतीने मरतात: पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलांना लिहायला सांगितलं जातं, ४२ नोंदी येतात, त्या कोणी वाचत नाही, खाली 'छान', 'मस्त' आणि अंगठे जमतात, शिक्षक तपासून थकतात आणि महिन्याभरात तो बंद पडतो. लिहिणारे तयार केले, वाचणारे केले नाहीत. मूल दुसऱ्यांदा मन लावून लिहितं ते पहिल्या वेळी कुणीतरी खरोखर वाचलं म्हणून. त्यामुळे आमचा आग्रह हा की सुरुवातीचे दोन आठवडे ब्लॉग उघडूच नका. आधी प्रतिक्रिया लिहायला शिकवा, तीही कागदावर.

असं करा. तुम्ही स्वतः एका साध्या प्रयोगाची १५० शब्दांची नोंद लिहा आणि तिच्या चार-पाच प्रती भिंतीवर लावा. नोंद मुद्दाम थोडी अपुरी ठेवा. समजा: दोन सारख्या भांड्यांत तेवढंच पाणी घेतलं, एकावर झाकण ठेवलं, पाच दिवसांनी उघड्या भांड्यातली पातळी १२ मिलिमीटर उतरली आणि झाकलेल्यातली २ मिलिमीटर. भांडी कुठे ठेवली होती, झाकण घट्ट होतं का, हे लिहू नका. मग प्रत्येक मुलाने एका चिठ्ठीवर २५ ते ४० शब्दांची प्रतिक्रिया लिहून त्या नोंदीखाली चिकटवायची. प्रतिक्रियेत मजकुरातलं एखादं वाक्य किंवा आकडा उचललेला हवा, त्यावर स्वतःचं काहीतरी म्हणणं हवं आणि शेवटी असा एक प्रश्न हवा ज्याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येणार नाही.

फरक दाखवायला दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावा. एकीवर: "खूप छान प्रयोग! आवडला." दुसरीवर: "झाकलेल्या भांड्यातलं पाणीही २ मिलिमीटर उतरलं असं लिहिलं आहे. मला वाटलं होतं ते अजिबात उतरणार नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब होते का? मग उरलेलं पाणी कुठून बाहेर गेलं असेल?" पहिली वाचून लेखकाला काय करता येईल असं मुलांना विचारा. दुसरी वाचून तो झाकण उचलून बघेल, हे त्यांचं त्यांनाच सुचतं. चेष्टेचा प्रश्नही इथेच बऱ्यापैकी सुटतो. 'वाईट लिहू नका' या सूचनेने जे साधत नाही ते 'आधी त्याच्या लेखातलं वाक्य उचल' या अटीने साधतं, कारण वाक्य उचलायला ते वाचावं लागतं, आणि वाचल्यावर बोलणं मजकुराबद्दल होतं, माणसाबद्दल नाही.

चिठ्ठ्या दोन आठवड्यांत तीन वेळा लिहून घ्या. तिसऱ्या वेळी वर्गातल्या बहुतेक चिठ्ठ्यांत चांगला प्रश्न दिसला की ब्लॉग उघडा. दिसला नाही तर आणखी एक आठवडा भिंतीवरच राहा. त्यात काही बिघडत नाही.

पाळी अशी लावा. ४२ मुलांचे ७-७ चे सहा गट. एका आठवड्यात एकच गट लिहील. उरलेल्या ३५ जणांनी प्रत्येकी एक प्रतिक्रिया द्यायची, म्हणजे प्रत्येक नोंदीला बरोबर पाच. कोण कोणाचं वाचणार हे मुलांवर सोडू नका, यादी तुम्ही करा. मोकळं सोडलं तर वर्गातल्या लाडक्या मुलीला पंधरा प्रतिक्रिया येतात आणि मागच्या बाकावरच्याला एकही येत नाही, आणि तो पुन्हा लिहीत नाही. आता ज्या मुलाची चेष्टा झाली त्याच्या वाट्याला पहिल्या फेरीत चांगलं वाचणारी पाच मुलं द्या, चेष्टा करणारी नकोत. सहा आठवड्यांत प्रत्येकाची एक नोंद आणि पाच प्रतिक्रिया होतात. दोन फेऱ्या झाल्या की एका सत्राचं काम पुरतं.

दहा संगणक याला भरपूर आहेत. लिहिणारे सातच, त्यामुळे टंकायला सात संगणक लागतात आणि तीन राखीव राहतात, कारण एखादा ऐनवेळी बंद असतोच. मसुदा घरून कागदावर यावा, १५० ते २०० शब्दांचा. नव्याने टंकणाऱ्या मुलाला तेवढं उतरवायला २० ते २५ मिनिटं लागतात. प्रतिक्रियांच्या दिवशी सातही नोंदींच्या छापील प्रती भिंतीवर लावा. मुलं तिथे वाचतील, कागदावर प्रतिक्रिया लिहितील आणि सात-सात जण संगणकावर येऊन ती टंकतील. पाच फेऱ्या, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे अर्धा तास. घरी फोन असलेल्या मुलांनाही वर्गातच टंकायला लावा. नाहीतर दोन वर्ग पडतात: घरून आरामात लिहिणारे आणि शाळेत घाईत लिहिणारे. टंकन युनिकोडमध्येच हवं, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी सारखीच दिसेल अशा पद्धतीत. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की त्याची निरर्थक चिन्हं होतात.

कुठे उघडायचा? शाळेकडे स्वतःची वेबसाइट असेल आणि तिची देखभाल करणारं कुणी असेल, तर तिथे वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) बसवून घ्या. त्याचं मुख्य कारण 'काँट्रिब्यूटर' ही भूमिका. या भूमिकेतलं मूल लिहू शकतं पण प्रसिद्ध करू शकत नाही. 'सबमिट फॉर रिव्ह्यू' दाबलं की नोंद तुमच्याकडे 'पेंडिंग' म्हणून येते. चुकून 'ऑथर' दिलंत तर मूल थेट प्रसिद्ध करू शकतं, तेव्हा खातं बनवताना भूमिका दोनदा तपासा. काँट्रिब्यूटरला फोटो चढवता येत नाहीत. पहिल्या दिवशी मुलं "बटणच नाही" म्हणून तक्रार करतील, पण ही सोयच आहे. फोटो तुमच्या नजरेखालून जातील आणि तुम्हीच लावाल.

खात्याला ईमेल लागतो आणि मुलांचे ईमेल आपल्याला नको आहेत. जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी अधिक चिन्ह आणि काहीही आकडा घातला तरी मेल त्याच पेटीत येतो, पण वर्डप्रेसला तो वेगळा पत्ता वाटतो. या कामासाठी एक स्वतंत्र पेटी उघडा आणि तिच्यापासून ४२ पत्ते करा. पासवर्ड विसरल्याचे मेलही तुमच्याकडेच येतील. वापरकर्त्याचं नाव ठरवताना जपा. ते नंतर डॅशबोर्डमधून (ब्लॉग चालवायच्या आतल्या पानांवरून) बदलता येत नाही, आणि 'डिस्प्ले नेम'मध्ये टोपणनाव दिलं तरी लेखकाच्या पानाच्या वेब पत्त्यात सहसा मूळ नावच राहतं. म्हणून तिथे मुलाचं नाव नको आणि हजेरी क्रमांकही नको, कारण त्यावरून मूल ओळखता येतं. झाडांची, पक्ष्यांची, खनिजांची नावं घ्या. कोण 'अभ्रक' आणि कोण 'खंड्या' हे फक्त वर्गाला माहीत असेल. 'डिस्कशन' सेटिंगमध्ये प्रतिक्रियेसाठी लॉगिन सक्तीचं करा, प्रत्येक प्रतिक्रिया मंजुरीनंतरच दिसेल असं ठेवा, १४ दिवसांनंतर प्रतिक्रिया आपोआप बंद होतील तो पर्याय निवडा आणि अवतार (नावाशेजारी दिसणारं चित्र) बंद करा.

शोधयंत्रांनी यादीत घेऊ नये असा एक पर्याय वर्डप्रेसमध्ये आहे. ती फक्त विनंती आहे, कुलूप नव्हे. कुलूप हवं असेल तर प्रसिद्ध करताना प्रत्येक नोंदीला पासवर्ड द्या. सगळ्यांना एकच ठेवला तर मुलांना तो दर नोंदीला वेगळा टाकावा लागत नाही. आणखी एक गोष्ट सहसा सुटते: नोंद पासवर्डमागे असली तरी तिच्यातल्या फोटोचा स्वतःचा वेब पत्ता उघडाच असतो. ज्याच्या हाती तो पडला त्याला फोटो दिसतो. तेव्हा फोटोत चेहरा, गणवेशावरचं नाव, वेळापत्रकाचा फलक काही नको. भांडं, मोजपट्टी, रोप, सावली एवढंच. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाण बंद करा, किंवा फोटो उघडून त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो लावा.

देखभाल करणारं कुणी नसेल तर वर्डप्रेसच्या वाटेला जाऊ नका. अद्ययावत न केलेली साइट आज ना उद्या कोणाच्यातरी हाती जाते. अशा वेळी गुगलची ब्लॉगर ही सेवा घ्या. तिथे 'पेंडिंग' हा टप्पा नाही, लेखक म्हणून जोडलेला कुणीही आपली नोंद थेट प्रसिद्ध करू शकतो. म्हणून लेखक एकट्या तुम्ही, मुलांचा टंकलेला मजकूर तुम्ही चढवायचा. प्रतिक्रिया 'कोणीही' देऊ शकेल असं ठेवून मंजुरी 'नेहमी' वर ठेवा. मुलं खात्याशिवाय, नाव लिहायच्या जागी टोपणनाव टाकून लिहू शकतील. यात ब्लॉग उघडा राहतो, पण तुम्ही मंजूर केल्याशिवाय एकही प्रतिक्रिया दिसत नाही.

उघडा की बंद, हे पहिल्या नोंदीच्या आधी ठरवा. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने शाळेतल्या रोजच्या जेवणाचे फोटो आणि त्याला दिलेले गुण ब्लॉगवर टाकायला सुरुवात केली. वाचक जगभरातून आले, स्थानिक प्रशासनाने फोटो काढायला मनाई केली आणि टीका झाल्यावर ती मागे घेतली. वाचक किती आणि कुठले येतील हे आपल्या हातात नसतं. आमचं मत: वर्डप्रेसवर असाल तर पहिली फेरी कुलूपबंद, पालकांना पासवर्ड द्या. दुसऱ्या फेरीनंतर निवडक नोंदी, त्या त्या मुलाला आणि पालकांना विचारून, उघड्या करा. संमतीपत्रात लेखन, आवाज आणि फोटो यांना वेगवेगळे हो-नाही ठेवा आणि 'ही संमती कधीही मागे घेता येईल, नोंद दोन दिवसांत काढली जाईल' असं लिहा. नकार देणाऱ्या मुलाची नोंद भिंतीवर लागेल आणि गुण तेवढेच मिळतील.

विषय निवडण्यात सगळ्यात जास्त वेळ घालवा. 'जलचक्राची माहिती लिहा' म्हटलंत की पाठ्यपुस्तकातला उतारा किंवा यंत्राने लिहिलेला मजकूर येणार. विषयात मुलाने स्वतः घेतलेलं मोजमाप असलं की ते दुसरीकडून आणता येत नाही. जमिनीत उभी काठी रोवून सकाळी ११ ते दुपारी २ पर्यंत दर १५ मिनिटांनी सावली मोजायला सांगा. सर्वांत लहान सावली घड्याळातल्या बाराला पडेलच असं नाही, कारण आपलं ठिकाण प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून जितकं दूर, तितका फरक: एका अंशाला ४ मिनिटं. शिवाय वर्षाच्या दिवसानुसार त्यात काही मिनिटांची भर किंवा घट होते. किंवा दोन सारखे बर्फाचे खडे, एक उघडा, एक कापडात गुंडाळलेला. बहुतेक मुलं सांगतील की कापडातला आधी वितळेल, कारण कापड 'गरम' असतं. उलटं घडलेलं पाहून जी नोंद येते ती वाचण्यासारखी असते. नोंदीत तीन गोष्टी यायला हव्यात: मला काय वाटलं होतं, काय झालं, आणि फरक का पडला असावा. हाती लिहिलेला मसुदा आणि मोजमापाचा तक्ता नोंदीसोबत जमा करून घ्या.

मसुदा तपासताना शुद्धलेखनाच्या सगळ्या चुका लाल करू नका. एका मसुद्यावर दोनच खुणा: एक आशयाची, एक भाषेची. त्या खाजगीत, प्रसिद्ध होण्याआधी. ब्लॉगवरच्या प्रतिक्रियेत चूक दाखवली की मूल पुढच्या वेळी चार सुरक्षित वाक्यं लिहून मोकळं होतं. तुमची प्रतिक्रिया सर्वांत शेवटी द्या. तुम्ही आधी लिहिलंत तर पाचही वाचक तुमचंच म्हणणं फिरवून लिहितात.

पाच प्रतिक्रिया आल्या की लेखकाने नोंद सुधारायची. वर्डप्रेसमध्ये प्रसिद्ध झालेली नोंद काँट्रिब्यूटरला बदलता येत नाही. तुम्ही ती परत 'ड्राफ्ट' करा, मूल बदल करून पुन्हा पाठवेल. नोंद तेवढा वेळ ब्लॉगवरून दिसेनाशी होते, पण तिच्या प्रतिक्रिया कुठे जात नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. 'रिव्हिजन्स'मध्ये आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी शेजारी रंगांत दिसतो, त्यामुळे सुधारणा तपासायला चार मिनिटं पुरतात.

गुण २० पैकी असे द्या: निरीक्षण आणि मोजमाप ६, कारणमीमांसा ५, सुधारणा ४, दिलेल्या प्रतिक्रिया ५. मिळालेल्या प्रतिक्रियांना, लाइकना, सजावटीला गुण नाहीत. लाइकचं बटण आणि भेटींचा आकडा बंदच करा. सुधारणेचे ४ गुण कमी करायचा मोह होईल, पण ते राहू द्या. तेवढ्यासाठीच मुलं आलेली प्रतिक्रिया पुन्हा उघडतात.

तुमच्या वेळेचा हिशेब: सात मसुदे, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे ३५. फोटो लावून प्रसिद्ध करणं २०. पस्तीस प्रतिक्रियांची मंजुरी, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे १८. सुधारणा तपासणं २८. एकूण १०० मिनिटांच्या आसपास. मंजुरी मात्र साठवून ठेवू नका. आज लिहिलेली प्रतिक्रिया चार दिवसांनी दिसली की लेखक आणि वाचक दोघांचाही उत्साह गेलेला असतो. प्रतिक्रियांच्या दिवशीच, शाळा सुटायच्या आत, ती १८ मिनिटं काढा.

साधारण चौथ्या आठवड्यात प्रतिक्रिया पुन्हा सैल होतील. तेव्हा नियम वाचून दाखवू नका. त्या आठवड्यातली एक प्रतिक्रिया निवडा जिच्यामुळे कुणाचं तरी निरीक्षण बदललं, आणि लेखकाच्या परवानगीने दोन्ही मजकूर पडद्यावर दाखवा. आणि नोंदी सुरू झाल्या की एक तास उलट्या कामाला ठेवा: बाहेरची एखादी फिरत आलेली विज्ञानाची पोस्ट छापून आणा आणि मुलांना त्याच पद्धतीने प्रतिक्रिया लिहायला लावा. कोणी लिहिलं आहे, मोजमाप कुठे आहे, मूळ फोटो कधीचा आहे? उत्तर त्या पोस्टमध्ये शोधत बसू देऊ नका. नवी खिडकी उघडून, दुसरे त्याबद्दल काय सांगतात ते पाहायला शिकवा. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरच्या 'झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपस'ची एक बनावट साइट १९९८ पासून आहे. ती इतकी नीटनेटकी आहे की आतून वाचत राहिलं तर शंका येत नाही. बाहेर शोधलं की एका मिनिटात उलगडा होतो.

ब्लॉगच्या ॲडमिनपदी तुमच्याबरोबर मुख्याध्यापकांचंही खातं ठेवा, नाहीतर तुमची बदली झाली की ४२ मुलांचं लेखन कुणालाच उघडता येणार नाही. सत्र संपलं की 'टूल्स'मधल्या 'एक्स्पोर्ट'ने सगळ्या मजकुराची प्रत काढा. त्यात फोटो येत नाहीत, ते वेगळे उतरवून घ्या. प्रत्येक मुलाला त्याच्या नोंदी, आलेल्या प्रतिक्रियांसकट, छापून किंवा पीडीएफ करून द्या. खाती बंद करताना वर्डप्रेस विचारतं की या वापरकर्त्याच्या नोंदींचं काय करायचं. तिथे 'काढून टाका' हा पर्याय असतो. आधी प्रत मुलाच्या हातात पडली आहे ना ते पाहा, मगच तो दाबा.